मला आपली वायर पाहिजे

...आणि वर मलाच सांगतो, की बाई, तुम्ही आंघोळ जरा आटोपती घेत चला! मला! उभा जन्म आमच्या मेप्पल गावच्या तरणतलावाच्या काठावर गळ्यात शिट्टी अडकवून काढला मी, अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं, आणि दमट हवा म्हणजे काय ते आता हा मला समजावणार? तुम्हाला सांगते, माझ्या बाथरूमच्या छताला जी बुरशी आली ना, काळी, ठिपक्याठिपक्यांची, ती माझ्या आंघोळीनं नाही आली. बटण चालत नव्हतं म्हणून आली. आणि बटण का चालत नव्हतं? तर त्याला वायर नव्हती म्हणून. मी पहिल्या दिवसापासून एकच बोलत होते, मला आपली वायर पाहिजे, बाकी काही नको. पण ऐकतंय कोण?

थांबा, मुळापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, लामी म्हातारपणी भांडखोर झाली. म्हातारपणी नाही झाले हो, मी पहिल्यापासूनच आहे.

तर आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरात माळ्यावर एक पेटी असते. हवा ओढायची पेटी. स्वयंपाकघरातून, बाथरूममधून, संडासातून पाइप वर जातात, पेटी सगळा वास, सगळी वाफ ओढून घेते आणि छपरावरून बाहेर फेकते. हिवाळाभर खिडक्या बंद असतात आमच्याकडे, तेव्हा ती पेटी म्हणजे घराचं नाक समजा. आणि त्या नाकाची कळ कुठे? तर स्वयंपाकघरात, दाराशेजारी. एक गोल बटण, त्यावर एक, दोन, तीन. एक म्हणजे नेहमीचं. दोन म्हणजे चुलीवर काहीतरी आहे. तीन म्हणजे आंघोळ, किंवा मग माझा दीर वाटाण्याचं सूप जेवून गेलाय. साधा हिशोब! त्या बटणापासून भिंतीच्या आतून वायरी थेट माळ्यापर्यंत. एक निळी, ती कायमची, आणि तीन रंगीत, एकेका वेगाला एकेक. आमच्या हार्मनं, माझ्या नवऱ्यानं, एकदा झाकण काढून दाखवलं होतं मला. म्हणाला, हे बघ लामी, ही इथून निघते आणि तिथं पोचते, मध्ये कुणी नाही. मला तेव्हाच आवडलं होतं ते. मध्ये कुणी नाही.

मग संस्थेनं, म्हणजे आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहतो त्या गृहसंस्थेनं, ठरवलं की जुन्या पेट्या वीज खातात, नव्या बसवायच्या. बसवा बाबा. दोन माणसं आली. एक माझ्या माळ्यावर, दुसरा त्याच वेळी शेजारच्या रूलीच्या माळ्यावर, आणि दोघं आपले छपराच्या खिडकीतून एकमेकांशी फुटबॉलवर बोलतायत. खाली येऊन माझ्याकडच्यानं माझं गोल बटण काढलं, भोकावर पांढरं झाकण ठोकलं आणि त्याच्या शेजारी बिस्किटासारखी एक चपटी वस्तू भिंतीला चिकटवली. चिकटवली हो! दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं! मी विचारलं, वायर कुठंय?

"वायर लागत नाही आता. हवेतून जातं."

"हवेतून कुणाकडे जातं?"

"पेटीकडे."

"कुणाच्या पेटीकडे?"

तो हसला. म्हटलं, हस. आणि त्याच्या हातावर कॉफी ठेवली, कारण कामाला आलेल्या माणसाला कॉफी द्यायची, हे माझ्या आईनं शिकवलंय. बिस्किट मात्र दिलं नाही. बिस्किट त्यानं भिंतीला लावलेलं होतंच.

झालं. त्या संध्याकाळपासून माझ्या घराचं नाक चोंदलं. तीन दाबावं, तर वर सामसूम. आंघोळ करून बाहेर यावं, तर आरशात मी नाहीच, नुसतं धुकं. टॉवेल वाळेना, भिंतीचा रंग पोपडे धरून सुटायला लागला. आणि मजा अशी, की संध्याकाळी मी स्वस्थ पेपर वाचत बसले, चुलीवर काही नाही, नळ बंद, की माळ्यावर एकदम घोंऽऽऽ! आपोआप! थोडा वेळ घोंघावायचं आणि गप्प. मी तीन दाबलं की मेल्यासारखं पडणार, आणि दाबलं नाही की बोंबलणार. असा एक दीर आहे मला, आधी सांगितला तोच. पण तो निदान जेवून घरी तरी जातो.

संस्थेला फोन केला. तिकडे एक गोड आवाजाची मुलगी. मी बटण जोरात दाबते का, म्हणाली. नाही, म्हटलं. मग हळू दाबते का? मग बॅटरी बदलून झाली, मग तेच बटण पुसून झालं, मग ती म्हणाली की नव्या यंत्राची सवय व्हायला जरा वेळ लागतो. म्हटलं, कुणाला, मला की यंत्राला? आणि मला सवय नको आहे, मला आपली वायर पाहिजे. तेव्हा तिनं एक सल्लागार पाठवला. घरातल्या ओलाव्याचा सल्लागार! असतात, काय बोलणार.

दारात उभा कोण, तर बास्तियान. एवढासा होता तेव्हा माझ्याकडे पोहायला यायचा, आणि खोल पाण्याशी आला की माझ्या पायाला मिठी मारून रडायचा. शेवटी मीच ढकलला त्याला, आणि मग पोहला की चांगला. आता टाय लावून आलेला, हातात ओलावा मोजायचं यंत्र. मला बघितलं आणि टायची गाठ सैल केली बिचाऱ्यानं. म्हटलं, ये, ऐक. आणि तीन दाबलं. दोघंही माना वर करून उभे. काही नाही.

"ऐकू येत नाही ना बाई," म्हणाला, "तेच तर या नव्या पेट्यांचं वैशिष्ट्य आहे. आवाजच नाही."

आता काय करावं? मी संडासातला कागद घेतला, एक तुकडा बाथरूमच्या जाळीला धरला. पेटी ओढत असली तर कागद चिकटून राहतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी हात काढला. कागद तरंगत तरंगत जो आला तो बास्तियानच्या बुटावर. त्यानं बुटाकडे बघितलं, मग छताकडे, आणि म्हणाला की तुम्ही एकट्याच राहता ना, मग एवढी वाफ होते कुठून? बटाटे झाकण ठेवून उकडा. खिडकी उघडी ठेवा. आणि आंघोळ जरा आटोपती घ्या. फेब्रुवारी चालू होता, तुम्हाला सांगते. कालव्यावर बर्फ धरलं होतं.

एकटी राहते ना. हे वाक्य लागलं मला. एकट्या माणसाला वाफ नसते? हार्म गेल्यापासून घरात दुसरं बोलायला कुणी नाही, तर निदान गरम पाण्याखाली उभं राहू की नको?

जाता जाता म्हणतो, तुमच्या शेजारणीचीही तक्रार आहे, त्यांची पेटी दिवसरात्र किंचाळत असते. म्हटलं, किंचाळू दे. छान झालं.

आता हे 'छान झालं' का, ते सांगायला हवं. रूली आणि मी, आमच्या मध्ये एक भिंत. एका विटेची. दोघींची लग्नं होऊन एकाच उन्हाळ्यात इथं राहायला आलो, पोरं एकमेकींकडे जेवून मोठी झाली. आणि हार्म गेला, त्या दिवशी, दफनानंतर सगळे कॉफीला बसलेले, केक वाटून होतोय, आणि ही बया माझ्या शेजारी बसून माझ्या मांडीवर हात ठेवून काय म्हणते? "चला, आता तरी तुला शांत झोप लागेल, लामी." मी तिच्या हातातली केकची बशी काढून घेतली आणि दार दाखवलं. सगळ्यांदेखत. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकमेकींच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघून मान डोलावत होतो, बस.

तर त्या संध्याकाळी, सल्लागार येऊन गेल्यानंतरच्या, मी आंघोळीला निघाले होते. अंगात झगा, डोक्याला टॉवेल. मागचं दार जरा उघडलं, खिडकी उघडा म्हणाला ना तो शहाणा, आणि शेजारून वास आला. कांदा. रूलीचा कांदा आणि कलेजी, आठवड्यातून तीनदा करते. आणि त्याच क्षणी माझ्या माळ्यावर घोंऽऽऽ! मी तिथंच थांबले. कांदा तिकडे आणि घोंघाट इकडे? मग मी काय केलं, तर सुरी घेतली, ते बिस्किट भिंतीवरून खरवडून काढलं, तशीच अंगणात गेले, आणि रूलीच्या छपरावरच्या नळकांड्याकडे बघून तीन दाबलं.

तिच्या घरातून असा आवाज आला म्हणून सांगू! विमान निघाल्यासारखा. एक दाबलं, शांत. तीन दाबलं, विमान. एक, तीन, एक, तीन... चार-पाच वेळा केलं असेल. गरज एकदाच होती, पण खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

रूली उलथणं घेऊन बाहेर आली. मी झग्यात, डोक्याला टॉवेल, हात तिच्या घराकडे रोखलेला.

"म्हणजे ती तू आहेस," म्हणाली.

दोन वर्षांनी पहिलं वाक्य! मी म्हटलं, आणि माझ्या माळ्यावर बसलेली ती तू आहेस. मग तिच्या ध्यानात आलं, माझ्या तर आलंच होतं. त्या दोघांनी फुटबॉलच्या नादात तिच्या पेटीची गाठ माझ्या बटणाशी मारली आणि माझ्या पेटीची तिच्या. मी इकडे चिडून दिवसरात्र उठसूट तीन दाबत होते, चालेल, कधीतरी चालेल म्हणून, आणि तिकडे हिच्या घरातली सगळी ऊब छपरावरून बाहेर. दोन-दोन लोकरी मोजे घालून झोपत होती म्हणे. कानात कापूस.

रूली सरळ डोक्याची बाई. म्हणाली, मग बटणं बदलू या. तुझं मला दे, माझं तू घे, पाच मिनिटांचं काम.

मी म्हटलं, नाही.

हो, मी नाही म्हटलं. तुम्ही हसाल, रूली तर कपाळाला हात लावून उभी राहिली, हातातल्या उलथण्यासकट. पण विचार करा. आम्ही गुपचूप बदलली की संस्था म्हणणार, मिटलं, कागद बंद. आणि मी आयुष्यभर अशा बटणाच्या भरवशावर राहायचं, जे कुणाशी बोलतंय ते मला दिसत नाही? उद्या तिसऱ्याच घराशी सूत जुळवलं त्यानं तर? चूक त्यांची, दुरुस्त त्यांनी करायची. मला आपली वायर पाहिजे.

"तू बदलली नाहीस हं जरासुद्धा," म्हणाली आणि आत गेली. कांदा करपला होता तिचा.

पण आंघोळ तर करायला हवी! मग काय, भिंतीवर ठोकायचं. मी तीनदा ठोकलं की रूलीनं तिच्याकडचं तीन दाबायचं, एकदा ठोकलं की एक. तिला हवं असलं की तिनं ठोकायचं. पहिले दोन दिवस नुसतं ठकठक, शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी तीनदा ठोकलं तर भिंतीतून आवाज येतो, "काल तर केस धुतले होतेस की!" बघा! आता मला आंघोळीची परवानगी शेजारून! मी ओरडून सांगितलं की तू तुझं बटण दाब. मग ती म्हणाली की आवाज चढवू नकोस, मला सगळं ऐकू येतं, नेहमीच येतं.

आणि मग एके सकाळी मी ठोकलं, ठोकलं, वर काही हालचाल नाही. काळजी वाटली हो. आम्ही काही विशीतल्या नाही. झग्यावर कोट चढवून गेले तिच्याकडे. दार उघडंच. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली, बटण समोर, दाबत नव्हती. मी म्हटलं, झोपलीस काय? ती म्हणाली, बस. कॉफी ओतली.

"भिंत पातळ आहे, लामी," म्हणाली. "हार्मच्या शेवटच्या हिवाळ्यात तो खोकायचा ते मला ऐकू यायचं. पण त्याचं नाही, तुझं सांगते. तू उठायचीस. जिना उतरायचीस, पाणी गरम करायचीस, पुन्हा वर. रात्री किती वेळा. मी इकडे पडल्या पडल्या ऐकायची आणि मला वाटायचं, ही बाई त्याच्या आधी जाते की काय. तेच म्हणत होते मी त्या दिवशी. केक खाताना म्हणायला नको होतं, पण तेच म्हणत होते."

मी कॉफीत साखर घातली. मी साखर घेत नाही. दोन वर्षं मी त्या एका वाक्याचा दगड करून उराशी धरून बसलेले, आणि त्याच्या आत हे होतं. म्हटलं, मग तेव्हा आली का नाहीस भिंतीपलीकडून? तर म्हणाली, तू हाक कुठे मारलीस. खरंय. मी हाक मारत नाही कुणाला. मी शिट्टी मारते.

मग मात्र माझ्या अंगात आलं. तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सायकली काढून संस्थेच्या ऑफिसात. मी टॉवेल, साबण आणि स्लिपर घेऊन गेले. त्यांच्याकडे सायकलवरून येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आंघोळीची खोली आहे, खाली, स्वागताच्या टेबलाला लागूनच. टेबलावरच्या मुलीला मी शांतपणे सांगितलं, माझ्या घरात वाफ जात नाही, तुमची हवा चांगली खेळते असं दिसतंय, तेव्हा मी इथे आंघोळ करून जाते. आणि गेले आत, कडी लावली. रूली बाहेर विणकाम घेऊन बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझी मैत्रीण आत आहे, वेळ लागेल, केस धुतेय.

रोज गेलो. आटोपती? अजिबात नाही! गाणी म्हटली मी आत. चौथ्या की पाचव्या दिवशी बास्तियान दारावर टकटक करत आला. म्हणाला, बाई, असं नाही करता येत. मी कडीच्या आतून म्हटलं, तू काठावर मिठी मारून बसायचास, तेव्हा मी तुला घरी पाठवला का? उभी राहिले ना तुझ्याबरोबर, रोज, होईपर्यंत? मग आता मीही इथे रोज उभी राहणार, होईपर्यंत. तेव्हा कुठे त्यानं हळूच विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय?

"मला आपली वायर पाहिजे."

पुढच्याच आठवड्यात इल्से आली. वायरमन बाई, कंबरेला पट्टा, त्यात पक्कड आणि टेस्टर. फ्यूज उतरवला, ते पांढरं झाकण खोललं, आणि आत... माझ्या वायरी! निळी आणि तिन्ही रंगीत, टोकांना टोप्या घालून गुंडाळून ठेवलेल्या, जशा हार्मनं दाखवल्या होत्या तशाच. वर नव्या पेटीतही वायरीसाठी जागा होतीच, पहिल्यापासून! फक्त कामाच्या कागदावर तसं नव्हतं, म्हणून कुणी जोडल्या नाहीत. तिनं जोडल्या, खाली गोल बटण बसवलं. एक, दोन, तीन. फिरवलं की कट्‌ वाजतं. मी कागदाचा तुकडा जाळीला धरला, तो फटकन चिकटला. रूलीनं टाळ्या वाजवल्या. इल्सेला मी कॉफी दिली, आणि बिस्किट दिलं. दोन दिली.

माझं ते चपटं बटण रूलीच्या भिंतीवर गेलं, म्हणजे तिची पेटी तिच्या ताब्यात आली. राहिलं रूलीचं जुनं, जे माझ्या पेटीशी बोलायचं. इल्से म्हणाली, ते आणा, त्याची गाठ सोडवून टाकते. रूलीनं टेबल बघितलं, खण बघितले, ब्रेडचा डबासुद्धा उघडून बघितला. म्हणाली, हरवलं वाटतं. इल्सेनं मला विचारलं, मग वर पेटीतूनच सगळ्या गाठी पुसून टाकू का? मला घाई काय होती कोण जाणे, मी म्हटलं, राहू दे गं, दुसरी घरं असतील तुला.

त्या संध्याकाळी मी अशी आंघोळ केली, अशी आंघोळ केली! तीनवर! बाहेर आले तर आरशात मी, लखलखीत, सगळ्या सुरकुत्यांसकट. स्वयंपाकघरात आले, ऐटीत बटण एकवर आणलं, कट्‌, आणि पेपर घेऊन बसले. तर वर घोंऽऽऽ! बटण बघते, तर एकवर. मी तीनवर नेऊन पुन्हा एकवर आणलं, शांत झालं. बसले. पुन्हा घोंऽऽऽ! आणि भिंतीतून आवाज: "केस वाळले नाहीत तुझे अजून, राहू दे थोडा वेळ!"

एप्रनच्या खिशात ठेवलंय तिनं. मला माहीत आहे, तिला माहीत आहे की मला माहीत आहे. आता रोजचं झालंय, मी इकडून एक करते, ती तिकडून तीन करते, मी ओरडते, ती ओरडते, मग कुणीतरी कॉफी टाकतं. माझी मुलगी फोनवर म्हणते, आई, एवढी भांडून वायर मिळवलीस, आता ते बटण मागून घे की तिच्याकडून. मागेन, मागेन. मला कुणाची भीती आहे थोडीच! पण मागितलं आणि तिनं निमूटपणे देऊन टाकलं, तर मग मी भांडू कुणाशी?